नवमाता उपक्रम, तिसरा आठवडा

महापेला, कंपनीच्या सातव्या मजल्यावर
जिथे तुटक्या खुर्च्या आणि जुने मॉनिटर ठेवायचे
तिथे आता फिकट जांभळा पडदा आहे,
दारावर पाटी: मातृकक्ष.
आत एक सोफा, एक छोटा फ्रिज,
आणि सोफ्याच्या समोर, अगदी समोर,
वजनकाटा.

आम्ही पाच जणी उपक्रमात.
मनगटावर पट्टा, मोबाइलवर तक्ता.
दर मंगळवारी मृण्मयी टिपणीस येतात,
हळू बोलतात, नखं नीट कापलेली.
साखर नको. तूप चमचाभर.
संध्याकाळी सातनंतर काहीच नको.
मी मान हलवते.
घरी फ्रिजवर आईने कोपरखैरण्याहून पाठवलेला डबा,
हळिवाचे लाडू, मोजून बत्तीस.
आई म्हणते, कंबर भरून यायला हवी.
मॅडम म्हणतात, कंबर उतरायला हवी.
माझी कंबर दोघींचंही ऐकते
आणि खुर्चीत बसताना दुखते.

सातला मी घणसोलीच्या सिग्नलला असते.
रात्री दोनला लेक उठते,
ती पिऊन झोपली की माझी भूक उठते.
ओट्यापाशी, दिवा न लावता,
उभ्याउभ्या खाल्लेला लाडू
मी तक्त्यात लिहीत नाही.

वजन दूध काढायच्या आधी करायचं की नंतर
हेही तक्त्यात नाही.
एकदा विचारणार होते. पण बैठकीत
निखिल देवस्थळी होते, आणि समोर उकडलेली मकई.

रोज आठ हजार पावलं.
म्हणून दुपारी जिना.
चौथ्या मजल्यापाशी वाटतं टाके ओढले गेले,
ते तर कधीच विरघळले, डॉक्टर म्हणाले होते.
तिथेच हर्षाली भोईर पायऱ्या पुसत होती.
निळा गणवेश, छातीवर दोन ओले गोल.
मला बघून तिने ओळखपत्र
जरा मधे ओढून घेतलं.
एका ओळखपत्राने दोन गोल झाकत नाहीत.

"किती महिन्याचं?"
"चार होतील पुनवेला. तुमचं?"
"साडेसहा."
ती ठेकेदाराची. उपक्रमात नाही.
मातृकक्षाची कडी रोज ती चकाकवते,
तिच्या कार्डाने ते दार उघडत नाही.

मी पट्टा काढून तिच्या मनगटावर बांधला.
गंमत म्हणून. खरं तर कंटाळा म्हणून.
संध्याकाळी परत मिळाला:
एकोणीस हजार चारशे बारा.
रात्री माझ्या मोबाइलवर फटाके उडाले,
अभिनंदन! आज तुम्ही सर्वांत पुढे.
शुक्रवारी बक्षीस, पाणी प्यायची आठवण करणारी बाटली.
टाळ्या वाजल्या. फोटोत मी हसतेय.

बाटली तिला द्यायला गेले.
"ती नको गो बाय," म्हणाली,
"त्या खोलीत जरा बसू दे."

दुपारी तीन. माझ्या कार्डावर दोघी आत.
माझं यंत्र घरघरतं, मिनिटाला साठ वेळा.
ती भिंतीकडे तोंड करून, हातानेच,
स्टीलच्या पेल्यात.
"सासू मुशीचा कालवण देते," भिंतीला सांगते,
"तुमच्या बाईला विचारा, चालतंय का."
हसताना तिचा पेला हलतो,
ती हसू आवरते, पेल्यासाठी.

मी डबा उघडला. लाडू फोडला.
मोठा अर्धा कुणी घ्यायचा यावर
आम्ही थोडा वेळ घातला.

मग तिने पेला काट्यावर ठेवला.
"बघू तरी किती."
काटा गप्प. त्याला एवढंसं दिसत नाही.
ती स्वतः चढली, पेला हातात धरून,
आकडा आला, तिने वाचला नाही,
खिडकीबाहेर बघत उतरली.
पेल्यावर पॅन्ट्रीतली बशी झाकून
फ्रिजमध्ये माझ्या पिशवीशेजारी सरकवला,
साडेपाचला नेते म्हणाली,
आणि बादली घेऊन गेली.

काट्याच्या काचेवर
पेल्याच्या बुडाचा एक पांढुरका गोल राहिला.
मी टिश्यू काढला.
परत ठेवला.